तेरावं पिल्लू

बोरखिंडी हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. वेशीबाहेर वाटसरूंसाठी बांधलेली एक दगडी पडवी होती. वाकळेमहाराज तिथे आले ते एका रात्रीच्या विसाव्यासाठी, आणि राहिले सात वर्षे. त्यांचे मूळ नाव कुणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. अंगावर बारमाही एक वाकळ, म्हणून वाकळेमहाराज. ती वाकळही त्यांची स्वतःची अशी नव्हतीच. कुणाच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा, कुणाच्या धोतराचा सोगा, कुणाच्या गेलेल्या लेकराचे झबले. ज्याने जे दिले ते महाराज बसल्या जागी शिवून टाकत. गावात उंबरे चाळीस. त्यांपैकी एकोणचाळीस घरांचे चिंधूक त्या वाकळीत होते. चाळिसावे घर पाटलांचे. त्या घरची चिंधी वाकळीत नव्हती, आणि का नव्हती ते पुढे येईलच.

दर्शनाला येणाऱ्यांची रीत तुम्हां भाविकांना ठाऊक आहेच. शंभरांत नव्वद जण काहीतरी मागायला येत, नऊ जण आधी मागितलेले मिळाले नाही म्हणून रुसायला येत, आणि उरलेली एक ठकूबाई. ती झाडायला येई.

ठकूबाई एकटी बाई. दोन कामांत तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कुणी नव्हते, कोंबड्या पाळण्यात आणि बाळंतपणात. गावातल्या एकतीस घरांतली पोरे तिच्या हातावर जन्मली होती. रोज सकाळी पडवी झाडायची, महाराजांचा तांब्या भरून ठेवायचा आणि निघायचे, हा तिचा नेम.

एकदा महाराजांनीच विचारले, "ठके, सात वर्षं झाडतेस. तुला काहीच मागायचं नाही का?"

"हाय की," ठकूबाई म्हणाली. "तुमी जरा तिकडं सरका. तुमच्याखालचा केर ऱ्हायलाय."

महाराज एवढे हसले, की पडवीतल्या चिमण्या उडाल्या!

आता पाटलांचे घर. पाटील सरळ माणूस होता, पण घरात राज्य त्यांच्या आईचे, आवडाबाईंचे. नाव आवडा. गावाला त्यांची आवड किती, हे कुणी त्यांच्यासमोर बोलून दाखवले नाही. बाई कर्तबगार होत्या यात शंका नाही. कोणत्या वारी नवी केरसुणी आणू नये, कोणत्या पायाने उंबरा ओलांडावा, बोलता बोलता शिंक आली तर किती पावले मागे यावे, सगळे त्यांना मुखोद्गत. गावात कोण कधी कुठे चुकले याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असे. स्वतःची मात्र तेवढी नसे.

महाराजांबद्दल त्या विहिरीवर उघड म्हणत, "चिंध्या पांघरून देव येत असता, तर बोहारणीलाच देव्हाऱ्यात बसवली असती की गं!" बायका हसत. पाटलीणबाई बोलल्या की हसायचे, एवढे शहाणपण त्या विहिरीवर सगळ्यांकडे होते. आणि ठकूबाईबद्दल म्हणत, "कोंबड्यांची बाळंतपणं करावीत तिनं. तेवढाच तिचा वकूब."

पण वेळ अशी आली होती, की त्याच ठकूबाईवाचून त्यांचे अडणार होते. सून सगुणा नऊ महिन्यांची गरोदर होती. हे तिचे तिसरे बाळंतपण. पहिले मूल सहा दिवसांचे होऊन गेले, दुसरे सव्वा महिन्याचे. दोन्ही वेळा सुईण शेजारच्या गावची होती. ती आता हयात नव्हती. म्हणजे राहिली ठकूबाईच.

मार्गशीर्षाचे दिवस होते. थंडी अशी, की सकाळी बोलताना तोंडातून वाफ यावी. ठकूबाईची कवडी नावाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहू लागली. आपल्याकडची रीत अशी, की खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची ती विषम; नऊ, अकरा, तेरा. सम ठेवली तर त्या घरातले एक कमी होते, असा समज. ठकूबाईकडे अंडी होती बारा. प्रत्येकावर तिने कोळशाची एकेक रेघ ओढली आणि झाडायला आली तेव्हा महाराजांना म्हणाली, "बाबा, बाराच हायेत. एक काढू का एक कुणाकडनं मागून आणू?"

महाराज वाकळीला टाका घालत होते. म्हणाले, "तिच्या पंखाखाली बारा मावतात ना? मग बाराच बसव. कवडीला कुठं मोजता येतं! फक्त सगळी एकाच दिवशी ठेव, ठके. मागाहून कुणाचा हात त्या पाटीत जाऊ देऊ नको."

सोमवारी बारा अंडी पाटीत बसली. मंगळवारी ही बातमी विहिरीवर पोचली.

आवडाबाईंच्या हातातला दोर थांबला. बारा! आणि ज्या हातांनी बारा ठेवली, तेच हात दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या सुनेच्या खोलीत शिरणार! एक कमी होणार ते कुणाचे? बाई त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यांच्या भीतीला हसू नये. दोन नातवंडे त्यांनीही मांडीवरूनच गमावली होती.

बुधवारी ठकूबाई ओढ्यावर धुणे घेऊन गेली, तेव्हा आवडाबाई पदराखाली काहीतरी झाकून तिच्या परसात शिरल्या. ठकूबाईच्या घरी पाटलीणबाईंनी पाऊल टाकण्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांनी आपल्या घरचे एक ताजे अंडे कवडीच्या पोटाखाली, कोळशाच्या रेघा ओढलेल्या अंड्यांत सरकवले. कवडीने हातावर एक चोच मारली, तिचे रक्त त्यांनी पदराआड पुसले. बारा आणि एक तेरा. जिवावरचा भार उतरल्यासारखे वाटून त्या घरी आल्या. आपण ठकीची चूक निस्तरली, ठकीला पत्ताही नाही, असे म्हणून देवापुढे साखर ठेवली.

अंडी विषम झाली, पण हे तेरावे दोन दिवसांनी मागे पडले. हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही. रीत त्यांना पाठ होती, कोंबडी नव्हती.

एकविसाव्या दिवशी, सोमवारी, बारा पिल्ले फुटली. मंगळवारी कवडी त्यांना घेऊन पाटीतून उतरली आणि परसात चरू लागली. ठकूबाई पाटी साफ करायला गेली, तर तळाशी आणखी एक अंडे. कानाला लावले, आत टकटक. तिने ते कोंबट कोंड्याच्या गाडग्यात ठेवून चुलीशेजारी जपले. बुधवारी पहाटे त्यातून पिल्लू बाहेर आले. पिवळे, ओले, मुठीएवढेही नाही.

उजाडल्यावर तिने ते कवडीसमोर सोडले. कवडीने मान वाकडी करून पाहिले. बारा पिल्लांचा आवाज तिच्या ओळखीचा झाला होता, हा तेरावा कोण? पिल्लू पंखाखाली शिरायला धावले आणि कवडीने त्याच्या टाळूवर चोच हाणली. ते पुन्हा धावले, तिने पुन्हा हाणली. कुंपणापलीकडून सुताराची सून मंजुळा, तीन महिन्यांचे मूल कडेवर घेऊन, हे बघत होती. ती ओरडली, "अगं बया! आईनं पिल्लू टाकलं की गं, ठकूमावशी!"

ठकूबाईने रक्ताळलेले पिल्लू उचलून पदरात घेतले आणि थेट पडवी गाठली. बरोबर अंड्याचे कवचही नेले.

"बाबा, माझ्या बाराही अंड्यांवर कोळशाची रेघ हुती. ह्याच्यावर न्हाई. कुणीतरी मागनं ठेवलंय."

महाराजांनी पिल्लू वाकळीत घेतले आणि कवच निरखून ते मुंडाशाच्या घडीत खोचले. "हे माझ्याकडे राहू दे. आणि हे कुणाला बोलू नको."

"का वो बाबा?"

"ज्यानं ठेवलं त्याला अजून कळायचंय."

इतक्यात पाटलांचा गडी धावत आला. सगुणाला कळा सुरू झाल्या होत्या.

दिवसभर सगुणा अडली होती. ठकूबाईने जेवण नाही, पाणी नाही, तिच्या कमरेला हात लावून तिला धीर दिला, आणि उन्हे कलताना मुलगा झाला. चांगला खणखणीत रडला. ठकूबाईने नाळ कापली, बाळाला पुसून फडक्यात गुंडाळले आणि आईकडे द्यायला वळली.

नेमक्या त्याच घटकेला आवडाबाई खोलीच्या दारात आल्या. ओसरीवर मंजुळा त्यांना सकाळची हकीकत सांगून नुकतीच गेली होती. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. भीतीला जागा हवी असते. ती त्यांच्या जिभेवर येऊन बसली.

"ठके! तुझ्या घरी आज आईनं पोर टाकलं आणि ते मला न सांगता तू माझ्या घरात आलीस? तेच हात माझ्या नातवाला लावलेस? अवलक्षणी! आता हे तरी राहतंय का बघ!"

खाटेवरून सगुणाने ते शब्दन्‌शब्द ऐकले. तिचे पुढे आलेले हात मागे गेले. ती भिंतीकडे तोंड करून वळली.

"न्या त्याला," ती म्हणाली.

"सगुणे, बघ तरी गं, कसा राजावानी..."

"मला दाखवू नका. दोन बघितले. तोंड बघितलं की जीव अडकतो. ह्योबी ऱ्हायचा न्हाई. आत्यांनीच सांगितलं."

त्या रात्री पाटलांच्या घरात दिवा विझला नाही. बाळ रडत राहिले, आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आवडाबाईंनी आधी दटावले, मग समजावले, मग पाया पडायच्या बाकी राहिल्या. सगुणा वळेना. शेळीचे दूध आणून कापसाच्या बोळ्याने ओठांवर पिळले, ते हनुवटीवरून ओघळले. सकाळी मंजुळाला बोलावणे धाडले, कारण गावात अंगावर पाजणारी तीच एक होती. निरोप आला तो मंजुळाच्या सासूचा: "आईनं टाकलेल्याचं अवलक्षण आमच्या पोराला नको. पाटलीणबाईच काल सांगत हुत्या."

आपलाच शब्द गावभर फिरून, परक्याच्या तोंडून दाराशी आला! आवडाबाई ऐकून ओसरीवर खाली बसल्या.

गुरुवारी दुपारी बाळाचे रडणे बारीक झाले. ज्यांनी मुले गमावली आहेत त्यांना तो आवाज कळतो. आवडाबाईंनी तो दोनदा ऐकला होता. त्या उठल्या आणि ठकूबाईवर बोट रोखून म्हणाल्या, "दिवेलागणीच्या आत ह्या पोरानं दूध घेतलं तर ठीक. नाहीतर ठके, तुझं बिऱ्हाड उचलायचं आणि ह्या गावातनं चालतं व्हायचं. तोंड दाखवायचं नाही पुन्हा."

ठकूबाईला एका शब्दाने आपली बाजू सांगता आली असती: रेघ. ती बोलली नाही. तशीच पडवीवर गेली आणि महाराजांसमोर उभी राहिली. हातात केरसुणी नव्हती.

"बाबा, सात वर्षांत काय मागितलं न्हाई. आज मागते."

"माग. गावात राहायला मिळावं म्हणून?"

"मी जाते की खुशाल. कोंबड्या कुठंबी चरतील. त्या लेकराला आई द्या."

महाराज क्षणभर डोळे मिटून बसले. मग उठले आणि वाकळीतले पिल्लू ओंजळीत घेतले. एका दिवसात ते निम्मे झाले होते. टाळूवरची जखम काळी पडली होती. "कवडीला घे, बारा पिल्लं घे, कोंबड्या झाकायचं डालगं घे," ते म्हणाले. "आणि तिच्या पाटीतलं मूठभर गवत घे. चल."

पाटलांच्या अंगणात ही वरात आली, तेव्हा निम्मे गाव कुंपणापाशी जमलेले. आवडाबाई ओसरीवरून गरजल्या, "माझं नातवंड जीव सोडतंय आणि तुम्ही दारात कोंबडी आणता? खेळ मांडलाय का?"

"आई," महाराज म्हणाले, "मला अंगणातली चार हात जागा हवी. आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार किलकिलं हवं. बाकी काही नको."

"दार? पाचवीच्या आत दार उघडायचं?"

आतून बाळाचा आवाज आला, कापडाची घडी चुरगळावी इतकाच. आवडाबाईंनी जाऊन स्वतःच्या हाताने दार चार बोटे उघडले.

महाराजांनी अंगणात गवत पसरले, त्यावर कवडीला बसवले. तिची बारा पिल्ले भराभरा तिच्या पंखांखाली शिरली. वरून डालगे पालथे घातले. मग महाराजांनी अंगावरची वाकळ काढली आणि त्या डालग्यावर चहूबाजूंनी घातली. भर दुपारी तेवढ्या जागेत रात्र झाली. महाराज उघड्या अंगाने, डोक्याला तेवढे मुंडासे, त्या थंडीत डालग्याशेजारी बसले. पाटीतले गवत त्यांनी पिल्लाच्या अंगावर आणि आपल्या हातावर चोळले. मग वाकळीची कड उचलून, ओंजळीत पिल्लू घेऊन, मागच्या बाजूने हात आत सरकवला.

आत पिल्लू केविलवाणे ओरडले. आणि टक्!

कुंपणापाशी सगळ्यांनी श्वास धरला. महाराजांचा हात आतच होता. डोळे मिटलेले. प्रत्येक टक्‌सरशी त्यांची मान किंचित खाली जाई, एवढेच.

टक्. टक्.

"मारणार ते," कुणीतरी कुजबुजले.

आवडाबाई दारापाशीच उभ्या होत्या. पण सवय जाते कुठे! त्या मनात मोजत होत्या. तीन. चार. बाहेर पिल्लाचा चिवचिवाट, आत बाळाचे कुरकुरणे. एक थांबे तेव्हा दुसरे ऐकू येई. पाच. उन्हे अंगणातून ओसरीवर चढली. सहा. मधे इतका वेळ गेला, की लोकांना वाटले संपले. मग सातवी बसली, सगळ्यांत जोरात.

आणि पिल्लाचा आवाज बंद झाला.

महाराजांनी रिकामा हात बाहेर काढला. वाकळीखालून काही ऐकू येईना. ठकूबाईने तोंडात पदर कोंबला. कुंपणापाशी एक म्हातारा मागे फिरला. कुणाला पुढचे बघायचे नव्हते.

"मेलं," आवडाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पाणी होते. "झालं तुमचं समाधान?"

तेवढ्यात त्या चार बोटांच्या फटीतून शब्द आले. कालपासून पहिल्यांदाच.

"ते पिल्लू का गप झालं?"

ठकूबाई दाराकडे वळली.

"सांगा की कुणी तरी! का गप झालं?"

"मला दिसत नाही, पोरी," महाराज म्हणाले. "आत अंधार आहे."

"मग वाकळ उचला की वो बाबा!"

"मी उचलणार नाही. बाहेरच्या कुणी उचलायची नाही."

"मग कोन उचलणार?"

"ज्याला बघायची भीती वाटते त्यानं."

आत खाट करकरली. भिंतीला हात लावत, केस मोकळे, डोळे सुजलेले, अशी सगुणा दारात आली. आवडाबाईंच्या तोंडून सवयीने निघाले, "बाळंतिणीनं उंबरा..." आणि पुढचे त्यांनी गिळले. इतक्या वर्षांत बाईंनी अर्धे सोडलेले ते पहिलेच वाक्य. पुढे होऊन त्यांनी सुनेला काखेत हात घालून धरले आणि दोघी पायरी उतरल्या.

सगुणा डालग्याशी गुडघ्यांवर बसली. हात वाकळीपाशी जाऊन थांबला. खूप वेळ थांबला.

"मेलेलं असलं तर?"

"तर मी आहे इथे," महाराज म्हणाले. "तू एकटी नाहीस बघणारी."

सगुणाने वाकळ ओढली आणि डालगे उचलले.

कवडी फुगून बसली होती. प्रकाश पडताच ती घशातल्या घशात बोलली, कोंबडी पिल्लांना जवळ बोलावताना बोलते तसे. पंखांच्या कडेने इवल्या चोची बाहेर आल्या. सगुणा मोजू लागली, ओठ हलत होते. दहा. अकरा. बारा. ती थांबली. मान खाली गेली.

मग कवडीने डावा पंख जरासा उचलला. तिच्या छातीशी, सगळ्यांत आत, ऊब सगळ्यांत जास्त असते त्या जागी, पिवळे, झोपलेले तेरावे पिल्लू होते. उजेड लागल्यावर त्याने एक डोळा उघडला आणि रागावल्यासारखे "चिव" केले. कवडीने चोच खाली नेली. तिने चोचीने त्याच्या मानेवरचे गवत बाजूला केले आणि पंख पुन्हा मिटला.

"तेरा," सगुणा म्हणाली. "आत्या, तेरा!" आणि ती हमसून रडू लागली. रडता रडता तिने छातीवर हात दाबला. चोळी भिजली होती.

"द्या त्याला. कुठंय तो? द्या माझ्याकडं!"

ठकूबाईने धावत जाऊन बाळ आणले. अंगणातच, पायरीला टेकून, सगुणाने ते पदराखाली घेतले. बाळाचे ओठ हलेनात. आवडाबाई जमिनीवर बसल्या होत्या, सुनेचा पाय हाताने घट्ट धरून. ठकूबाईने बाळाच्या गालाला बोटाने हळूच गुदगुली केली. काही नाही. पुन्हा केली. एका श्वासाचा वेळ गेला, दोन, तीन. कुंपणापाशी एक मूल रडू लागले, त्याचे तोंड त्याच्या आईने दाबले.

मग एक आवाज आला. घोट गिळल्याचा. नंतर आणखी एक. आणि मग तो पोरगा असा पिऊ लागला, की जणू कालपासूनचा सगळा वसूल करायचा आहे!

धन्य ती माउली! गावातल्या बायका डोळे पुसत हसू लागल्या. दिवेलागण व्हायला अजून घटकाभर होती.

ठकूबाई मात्र डालग्याजवळ खाली वाकली होती. तेरावे पिल्लू हातावर घेऊन तिने त्याच्या टाळूवरची पिसे फुंकरीने बाजूला केली.

"बाबा," ती म्हणाली, "ह्याच्या डोस्क्याला जखम हुती. काळी पडलेली. कुठं गेली?"

महाराज थंडीने कुडकुडत होते. म्हणाले, "बरी झाली असेल."

"अशी? दोन घटकांत?"

आवडाबाईंनी तेव्हा महाराजांकडे पाहिले. मुंडाशाची एक बाजू तांबडी झाली होती. त्या उठल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच्या हाताने मुंडासे सोडले. घडीतून अंड्याचे कवच खाली पडले. महाराजांच्या टाळूवर चोचीने टोचल्यासारख्या जखमा होत्या. आवडाबाईंनी मोजल्या. सात.

त्यांनी खाली पडलेले कवच पाहिले. एकही रेघ नसलेले.

"अंडं मी ठेवलं," आवडाबाई म्हणाल्या. आधी पुटपुटल्या, मग सगळ्या गावाला ऐकू जाईल असे म्हणाल्या. "बारा नकोत म्हणून तेरावं मी ठेवलं. चोरून. बुधवारी. अवलक्षण ठकीनं नाही आणलं, मी आणलं. आणि तिलाच गावातनं घालवत होते. ठके, ह्याच्यावर रेघ नाही हे तुला दिसलं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी बोलू नको म्हटलं हुतं," ठकूबाई म्हणाली. तिला यापेक्षा मोठे कारण सुचले नाही.

आवडाबाई महाराजांच्या पायांवर पडल्या. कधी कुणापुढे न वाकलेले ते डोके मातीला लागले. "मला शिक्षा करा बाबा. मी तुम्हांला चिंधीवाला म्हटलं."

"चिंधीवालाच आहे मी," महाराज हसून म्हणाले. "उठा आई. तुम्ही वाईट मनानं नाही ठेवलंत ते. फक्त उशिरा ठेवलंत. आणि उशिरा आलेल्याच्या वाटणीला आधी चोच येते. इतकंच झालं." त्यांनी ते कवच बोटांनी चुरले आणि कवडीपुढे टाकले. कवडीने ते आनंदाने खाल्ले. कोंबड्यांना कवच आवडते.

आवडाबाईंनी उठून अंगावरच्या चांगल्या इरकली लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि त्या पट्टीने महाराजांचे डोके बांधले. मग त्या ठकूबाईकडे वळल्या. ठकूबाई तोवर पाटलांच्याच केरसुणीने अंगण झाडू लागली होती. तेरा पिल्लांनी आणि एका कोंबडीने तिथे जे करायचे ते केले होते. आवडाबाई तिच्यापुढे वाकल्या, तशी ती दचकून मागे सरली.

"आवो पाटलीणबाई, काय करताय हे! सरा जरा बाजूला. तुमच्या पायाशी घाण ऱ्हायलीया."

आवडाबाईंनी तिच्या हातातली केरसुणी घेतली. "दे इकडे," त्या म्हणाल्या, आणि राहिलेले अंगण त्यांनी झाडले.

जखमा आठ दिवसांत सुकल्या. नवव्या दिवशी महाराजांनी ती इरकली पट्टी धुऊन वाळवली आणि वाकळीला जोडली. चाळिसावे घर आत आले. टाके घालायला त्या दिवशी आवडाबाई स्वतः पडवीवर बसल्या होत्या, कडेला सगुणा, मांडीवर दूध पिऊन झोपलेला पोरगा. ठकूबाई झाडत झाडत त्यांच्यापाशी आली तेव्हा पाटलीणबाई न सांगता बाजूला सरकल्या, आणि सरकता सरकता त्यांनी एकदा तिच्यापुढे आणि एकदा महाराजांपुढे डोके टेकले.